छापखान्यातील उमेदवारी

गुरुशिष्यांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून एकतर वेदपाठशाळेची आठवण निघते, नाही तर गवयाच्या तालमीची. लोहारशाळेत, सुताराच्या पडवीत अथवा छापखान्यातही कोणी शिकवीत असतो व कोणी शिकत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ज्या छापील पोथ्यांवर व कोशांवर आपल्या घरांतील कित्येक पिढ्यांचे अध्ययन झाले, त्यांतील पुष्कळशा ज्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, तो गृहस्थ लहानपणी खिळे घासणारा एक गरीब मुलगा होता. शाळेत त्याचे शिक्षण बेताचेच झाले. जे काही तो शिकला ते कारखान्यात, आपल्याहून वडील कारागिरांच्या हाताखाली. त्याची हकीकत पुढे येईलच. परंतु कसलेले कारागीर नवख्यास कसे वागवितात, त्यास विद्या देतात की त्याच्यापासून ती लपवितात, आणि तसे ते का करतात, हे समजून घेण्यास मुद्रणाच्या धंद्याइतका चांगला धंदा क्वचितच सापडेल. कारण या धंद्यातील माणसे स्वतः लिहितीवाचती असल्यामुळे त्यांनी आपल्या उमेदवारीच्या गोष्टी लिहून ठेविल्या आहेत.

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीच्या धामधुमीत इतका ऐकू येतो की त्याचा जुना अर्थ लोपल्यासारखा झाला आहे. पूर्वी एखाद्या कचेरीत वा कारखान्यात, पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर, बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम करणारा तो उमेदवार. त्याच्यापाशी देण्यासारखे काही नसे. त्यास जे हवे असे ते सारे दुसऱ्याच्या हातात असे. हातात म्हणजे अगदी शब्दशः हातात, कारण कारागिराची विद्या बोटांत राहते.

छापखान्यात नवा मुलगा आला म्हणजे प्रथम त्याच्या वाट्यास झाडलोट, निरोप पोहोचविणे, शाईचे रूळ धुणे ही कामे येत. त्यानंतर छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून ते पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकावयाचे काम त्यास देत. हे काम वाटते तितके हलके नव्हे. इंग्रजी मजकुराचे खिळे दोन पेट्यांत मावतात. देवनागरीस मात्र अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार यांसह शेकडो निरनिराळे खिळे लागत, आणि जुळाऱ्याच्या पुढे व दोन्ही बाजूंस पेट्यांची एक भिंतच उभी असे. कोणते अक्षर कोणत्या घरात, हे न पाहता हातास कळले पाहिजे. त्यातून प्रत्येक खिळ्यावरील अक्षर उलटे, आरशात पाहिल्यासारखे. 'प' आणि 'ष', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत नवख्याची फसगत हमखास ठरलेली.

आता या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती अशी की मुलाने चुकीच्या घरात टाकलेला खिळा त्याच्या स्वतःच्या वाट्यास येत नाही. तो दुसऱ्या दिवशी एखाद्या जुन्या जुळाऱ्याच्या हातात येतो. तो बिचारा न पाहता खिळा उचलतो, आणि मुद्रितात चूक निघते. ज्या छापखान्यांतून मजुरी ओळींच्या वा पानांच्या हिशेबाने मिळे, तेथे चूक दुरुस्त करण्यात गेलेला वेळ जुळाऱ्याच्या पदरचा जाई. म्हणजे शिष्याच्या अज्ञानाचा दंड गुरूस भरावा लागे! जुने कारागीर नवख्यावर खेकसत, प्रसंगी पाठीत धपाटा घालीत, याचे मूळ पुष्कळदा या हिशेबात असे. धपाट्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रागावणारा कारागीर व दुष्ट कारागीर यांत भेद आहे, आणि घरी बसून त्यांची परीक्षा करणारांस तो दिसत नाही. तोच खेकसणारा माणूस, खिळा कधी दातांत धरू नये, जेवावयास बसण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावे, हेही मुलास बजावीत असे. खिळ्यांत मुख्य धातू शिसे. ते पोटात जाऊन या धंद्यातील किती माणसांची प्रकृती कायमची बिघडली, हे त्याने पाहिलेले असे.

खेकसण्याहून निराळा असा एक प्रकार आहे, आणि तो म्हणजे नवख्याची रीतसर छळणूक. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात तिचे मोठे बहारीचे वर्णन केले आहे. हा पुढे अमेरिकेचा प्रख्यात मुत्सद्दी झाला. परंतु आपण मुद्रक आहो, हे तो शेवटपर्यंत अभिमानाने सांगे. वयाच्या बाराव्या वर्षी बॉस्टन येथे त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या छापखान्यात त्यास उमेदवार म्हणून करारावर बांधले होते. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा. भाऊ त्यास मारीत असे. धाकट्या भावास मारण्याचा वडील भावाचा अधिकार आणि उमेदवारास मारण्याचा मालकाचा अधिकार असे दोन्ही अधिकार एकाच हातात एकवटल्यावर दुसरे काय होणार! शेवटी १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, करार मोडून तो पळून गेला.

दोन वर्षांनी हा तरुण लंडनमध्ये वॉट्स नामक मुद्रकाच्या मोठ्या छापखान्यात लागला. तेथील रिवाजाप्रमाणे नव्या माणसाने जुन्यांस स्वागताचे पेय पाजण्यासाठी काही रक्कम द्यावयाची असे. ती त्याने यंत्रखान्यात दिली. काही आठवड्यांनी त्यास जुळणीखान्यात बदलले, तो तेथील मंडळींनी पुन्हा पाच शिलिंग मागितले. एकदा दिलेली वर्गणी पुन्हा का द्यावी, असे म्हणून तो अडून बसला. मालकानेही देऊ नको असेच सांगितले. मग काय झाले? तो क्षणभर बाहेर गेला की त्याच्या पेटीतील खिळे एकमेकांत मिसळलेले असत. पानांचा क्रम बदललेला असे. जुळविलेला मजकूर मोडून पडलेला असे. विचारावे तर सर्वांचे एकच उत्तर: छापखान्यात एक भूत आहे, ते रीतसर दाखल न झालेल्यांस त्रास देते. दोनतीन आठवडे त्याने टिकाव धरला, आणि मग मुकाट्याने पैसे भरले. ज्यांच्या संगतीत रोज राहावयाचे त्यांच्याशी वैर धरणे मूर्खपणाचे आहे, असा व्यवहारी निष्कर्ष त्याने काढला. पैसे भरल्यावर भूतही नाहीसे झाले, हे सांगणे नलगे.

या भुताच्या पाठीमागे काय होते? केवळ फुकटच्या पेयाची हाव म्हणावी, तर तेवढ्यासाठी कारागीर जुळविलेला मजकूर मोडणार नाही. आपलेच श्रम असे मातीत घालणे त्याच्या जिवावर येते. आम्हांस वाटते, नवा माणूस मालकाचा की आपला, हे त्यांस पाहावयाचे होते. मालकाने देऊ नको म्हटले आणि याने दिले नाही, यातच त्यांच्या दृष्टीने निवाडा झाला. कारागिरांची ही जूट त्यांच्या हिताची असेल. मात्र तिच्यात शिकविण्याचा भाग काडीइतकाही नव्हता. छळणूक सोसल्याने माणूस घडतो असे मानणारे लोक अजूनही पुष्कळ आहेत. वसतिगृहांतून व महाविद्यालयांतूनही आहेत. त्यांनी एवढेच पाहावे की या तीन आठवड्यांत फ्रँकलिनच्या हातास एकही नवी गोष्ट आली नाही.

याच माणसावर थोड्याच काळात उलट बाजूने, म्हणजे शिकविणाऱ्याच्या बाजूने, कसोटीचा प्रसंग आला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी परत आल्यावर कायमर नावाच्या मुद्रकाने त्यास भरपूर पगार देऊन आपल्या छापखान्याचा मुख्य नेमले. हाताखाली चारपाच अगदी कच्ची माणसे होती; शेतावरून आलेला एक, विद्यापीठ सोडून भटकत आलेला दुसरा, अशी. ती सारी स्वस्तात, परंतु मालकाशी कराराने बांधलेली. फ्रँकलिनच्या लवकरच ध्यानात आले की मालकास आपण हवे आहो ते केवळ ही माणसे तयार करण्यापुरते. ती तयार झाली की आपणांस निरोप मिळणार.

अशा स्थितीत बहुतेक माणसे काय करतील, हे वाचकांनी स्वतःशीच विचारावे. निम्मे शिकवावे, निम्मे राखून ठेवावे. मोक्याची किल्ली आपल्याच कमरेस असू द्यावी. संगीताच्या घराण्यांतून खास चिजा अशाच राखून ठेविल्या जात, हे आपण ऐकतोच. फ्रँकलिनने तसे केले नाही. त्याने मोडकळीस आलेला छापखाना नीट लावला व त्या माणसांस रोज काही ना काही शिकविले. पुढे व्हावयाचे तेच झाले. माणसे कामास लागली, मालकाची वागणूक बदलली, पगार जास्त होतो अशी कुरकूर सुरू झाली, आणि एका क्षुल्लक निमित्तावरून भांडण होऊन फ्रँकलिन बाहेर पडला. पण त्याच रात्री त्याच्या बिऱ्हाडी कोण आले? शेतावरून आलेला तो मेरेडिथ नावाचा शिष्य. माझ्या वडिलांजवळ पैसा आहे, तुमच्याजवळ विद्या आहे, आपण भागीदारीत छापखाना काढू, असा प्रस्ताव घेऊन तो आला होता. १७२८ साली तो छापखाना निघाला. फ्रँकलिनच्या भाग्योदयाचा प्रारंभ तेथून झाला. विद्या देणाऱ्यास नेहमी असे फळ मिळते, असे मात्र कोणी समजू नये. मेरेडिथसारखा शिष्य व त्याच्या बापाचा पैसा, ही दोन्ही एकत्र येणे हा योगाचा भाग होय.

येथवर खिळे जुळविण्याची गोष्ट झाली. खिळे घडविण्याची विद्या याहून अवघड, आणि म्हणूनच अधिक गुप्त. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे व उठावाचे कोरावयाचे, हा ठसा. त्यास पाणी देऊन तो कठीण करावयाचा, आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकून अक्षराचा खळगा पाडावयाचा, ही मातृका. मातृका साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. यांत ठसा कोरणे हे खरे मर्म. केसभर चूक झाली तर त्या ठशापासून निघणाऱ्या सर्व खिळ्यांत ती उतरावयाची. जोसेफ मॉक्सन या इंग्रज लेखकाने १६८३-८४ साली मुद्रणकलेवर पहिला तपशीलवार ग्रंथ लिहिला, त्यात या कलेविषयी त्याची तक्रार अशी की तिचे कारागीर ती इतकी झाकून ठेवितात की कोणी कोणास शिकविल्याचे ऐकिवात नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडातील सर्वांत नामांकित अक्षरकार म्हणजे विल्यम कॅस्लन. हा मूळचा बंदुकांवर नक्षी कोरणारा. त्याचे हस्तकौशल्य पाहून लंडनच्या तिघा मुद्रकांनी त्यास या धंद्यात पडण्यास भांडवल दिले. त्यांतील एकाने, बोयर याने, स्वतः बरोबर नेऊन त्यास खिळ्यांचा कारखाना दाखविला. तोपर्यंत कॅस्लनने तो कधी पाहिलाही नव्हता. दुसरा मुद्रक होता, वर ज्याच्या छापखान्यातील भुताची हकीकत आली तोच वॉट्स. म्हणजे दुसऱ्याच्या औदार्याने ज्यास धंद्याचे दार उघडे झाले असा हा मनुष्य. पण तो स्वतः स्थिरावल्यावर त्याने काय केले? ठसे कोरण्याचे काम तो व त्याचा मुलगा दार बंद करून, एका स्वतंत्र खोलीत बसून करीत. हाताखालच्या कोणासही आत प्रवेश नसे.

या कारखान्यात जोसेफ जॅक्सन नावाचा एक मुलगा उमेदवार होता. त्याने लाकडी भिंतीस एक छिद्र पाडिले, आणि त्यास डोळा लावून, संधी मिळेल तेव्हा तेव्हा, धनी ठसा कसा कोरतात ते पाहिले. पुरेसे पाहून झाल्यावर त्याने स्वतः एक ठसा कोरला व मोठ्या आशेने धन्यापुढे नेऊन ठेविला. शाबासकी मिळेल अशी त्याची कल्पना. मिळाला तो एक जबर तडाखा. आणि पुन्हा असे केलेस तर तुरुंगात पाठवीन, ही धमकी. मुलाच्या आईने मग आपल्या पदरचे पैसे खर्चून त्यास हत्यारे घेऊन दिली, आणि फावल्या वेळी तो घरी तिच्यापाशी बसून हात बसवू लागला. या माउलीचे नाव आम्हांस ठाऊक नाही. पण तिने जे केले ते कॅस्लनच्या सात वर्षांच्या शिकवणीस भारी ठरले. पुढे मजुरीच्या तंट्यात मालकाने जॅक्सनला कामावरून काढिले. तो काही वर्षे आरमारात राहिला, परत आला, आणि त्याने स्वतःचा कारखाना काढून कॅस्लनच्या तोडीचे नाव मिळविले.

जॅक्सनची गोष्ट येथे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण केवळ मौज हे नव्हे. तिचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. विल्यम बोल्ट्स या गृहस्थास बंगाली लिपीचे खिळे करून हवे होते. ते काम त्याने लंडनमध्ये याच जॅक्सनकडे सोपविले. जॅक्सनच्या हाताविषयी शंका नव्हती. परंतु जी लिपी कधी वाचली नाही, जिच्या वळणाची सवय डोळ्यांस नाही, ती केवळ नमुना पुढे ठेवून कोरावयाची होती. तो प्रयत्न फसला. जे लंडनच्या उत्तम कारागिरास साधले नाही, ते १७७८ साली बंगालमध्ये हुगळी येथे साधले. हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्स या कंपनीच्या अधिकाऱ्याने खिळे तयार केले. त्याच्या मदतीस होता पंचानन कर्मकार, एक बंगाली लोहार. लिपी त्याच्या रोजच्या डोळ्यांखालची आणि धातू पिढीजात हातातला. विल्किन्सजवळ कल्पना व ग्रंथज्ञान होते. कोण कोणाचा गुरू आणि कोण कोणाचा शिष्य, हे या जोडीपुरते तरी ठरविणे कठीण आहे.

पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला. तेथे केरी व त्याचे सहकारी यांनी १८०० साली छापखाना घातला होता. पंचानन तेथे फार वर्षे जगला नाही. परंतु तेवढ्या अवधीत त्याने आपला जावई मनोहर यास व इतरही कित्येकांस तयार केले. मिशनऱ्यांनी १८०७ च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात या गोष्टीचा मुद्दाम निर्देश आहे. तो कारागीर आता हयात नाही, परंतु आपली कला त्याने दुसऱ्यांस इतकी संपूर्णपणे दिली आहे की काम जसेच्या तसे चालू आहे, असा त्यातील आशय. कॅस्लनच्या बंद खोलीशेजारी हे वाक्य ठेवून पाहावे. जावयास शिकविले यात नवल नाही, आपल्याकडे विद्या घरातल्या घरात राहावी अशीच रीत; परंतु पंचानन तेवढ्यावर थांबला नाही.

त्याचे फळ लवकरच दिसून आले. १८१२ साली श्रीरामपूरच्या छापखान्यास भयंकर आग लागली. कागद, पुस्तके, हस्तलिखिते आणि हजारो रुपयांचे खिळे यांचा कोळसा व रस झाला. ढिगाऱ्यातून पोलादी ठसे तेवढे शाबूत निघाले. खिळे ओतण्याची विद्या एकाच माणसापाशी कुलुपात असती, तर त्या ठशांचा उपयोग किती झाला असता? तेथे तयार हातांची वाण नव्हती. काही महिन्यांतच एकामागून एक लिप्यांचे खिळे पुन्हा ओतून छपाई सुरू झाली. मनोहराने यानंतरही दीर्घकाळ तेथे काम केले. अनेक भारतीय लिप्या व चिनी अक्षरेही त्याच्या हातून उतरली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण याच श्रीरामपुरात छापले गेले, आणि १८१० साली त्याचा मराठी कोश मोडी अक्षरांत निघाला. मराठी मुद्रणाची पहिली पावले अशी एका बंगाली लोहाराच्या शिष्यपरंपरेने टाकिली आहेत.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८१७ पासून मराठी छापू लागले. आरंभी खिळे बंगालकडचे होते. ते आपल्या डोळ्यांस ओबडधोबड दिसत. या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम या कारागिराने पुढे मराठीचे नवे, सुबक ठसे तयार करविले. हा छापखाना धर्मप्रसारासाठी निघालेला. त्याच्या हेतूविषयी आपल्या वडीलधाऱ्यांस जे वाटे ते येथे उगाळण्याचे कारण नाही. मात्र धंदा शिकविण्याच्या बाबतीत त्याचे दार मोकळे राहिले, हे मान्य केले पाहिजे. त्यांस हात हवे होते, म्हणून त्यांनी ते तयार केले. यात फार मोठी परोपकारबुद्धी होती असेही मानू नये. पण परिणाम मात्र हेतूपेक्षा मोठा झाला.

गणपत कृष्णाजी हा या छापखान्यात काम शिकलेला. येथे पाहून पाहून त्याने स्वतः शिळायंत्र तयार केले, शाई तयार केली, आणि १८३१ साली आपल्या यंत्रावर मराठी पंचांग छापले. छापील पंचांग हातात धरावे की नाही, शाईत चरबी असेल काय, असा संशय त्या काळी आपल्याच घरांतून घेतला जाई. त्यावर या कल्पक मुद्रकाने धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली, असे सांगतात. भिंतीस छिद्र पाडण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. यंत्र समोर होते व पाहावयास कोणाची बंदी नव्हती.

त्याच छापखान्यात काही वर्षांनी एक दहाबारा वर्षांचा पोरका संसार ओढणारा मुलगा खिळे घासण्याच्या कामावर लागला. हाच जावजी दादाजी, जन्म १८३९. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडेस धातूची कोर राहते; दगडावर घासून ती काढावी लागते. सगळ्या कारखान्यात याहून हलके काम नाही. परंतु बारकाईने पाहिले तर नवख्यास देण्यास याहून चांगले कामही नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकाराचे, त्याच्या बोटांखालून जाते. कोणता खिळा नीट ओतला गेला, कोणता भरला नाही, कोणाची उंची कमी आली, हे त्यास इतर कोणाहीपेक्षा आधी कळू लागते. ग्रॅहॅमच्या हाताखाली अशी सुरुवात करून, पुढे मुंबईतील दुसऱ्या कारखान्यांतून अनुभव घेत, जावजींनी १८६४ साली स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढिला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना.

या उद्योगात त्यांचा उजवा हात म्हणजे राणोजी रावजी आरू. ठसे कोरण्यात राणोजींची बरोबरी करणारा त्या काळी विरळा. निर्णयसागरचे जे देखणे वळण आपण पिढ्यानुपिढ्या नावाजत आलो, जे पाहून संस्कृत ग्रंथ वाचावयास बसण्याचीच इच्छा होई, ते राणोजींच्या हातचे. मुखपृष्ठावर मात्र जावजींचे व पुढे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांचे नाव आले. कारागिराचे नाव सहसा येत नाही. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली निघालेली काव्यमाला येथलीच. १८९२ साली जावजी वारले, तेव्हा छापखाना थांबला नाही. पंचाननाच्या मागे श्रीरामपूर थांबले नाही, तसेच हे.

खिळा पाडणाऱ्याच्या धंद्यात आणखी एक गंमत आहे. तो आपला माल विकतो कोणास? दुसऱ्या मुद्रकांस, म्हणजे आपल्याच प्रतिस्पर्ध्यांस. निर्णयसागरच्या खिळ्यांनी निर्णयसागरच्या बाहेरही पुष्कळ छापले गेले. आपल्याजवळचे उत्तम ते दुसऱ्याच्या हाती गेले तर आपले काय होईल, या भीतीने जावजी घरात बसले असते, तर त्यांचा अर्धा धंदाच उभा राहिला नसता.

हातजुळणीचा काळ आता संपला. १९८० नंतरच्या दहापंधरा वर्षांत संगणक आला, पेट्या भंगारात गेल्या, आणि चाळीस वर्षे खिळ्यांवर घालविलेल्या माणसांवर विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून कळफलक शिकण्याची वेळ आली. उलटी उमेदवारीच ती. कित्येकांस ती मानवली नाही. काहींनी मात्र ऱ्हस्वदीर्घाची व ओळ तोडण्याची आपली जाण त्या मुलांस देऊन त्यांच्याकडून यंत्र शिकून घेतले, आणि ती जोडी चांगली जमली. उमेदवारांसाठी १९६१ सालचा स्वतंत्र कायदा आहे; त्यान्वये करार नोंदवावा लागतो व विद्यावेतन द्यावे लागते. फ्रँकलिनच्या भावासारख्यांचा हात त्यामुळे आवरला जातो, ही गोष्ट लहान नाही. बंद खोलीचे दार मात्र कोणत्याही कायद्याने उघडत नाही.

आपल्या घरांतील मुले आता नाना तऱ्हेच्या धंद्यांत शिरत आहेत. मुलगा कामावर लागला की वडील पगार विचारतात, आई जेवणाच्या वेळा विचारते. त्यास कोणाच्या शेजारी बसविले आहे, आणि तो माणूस काम करताना मुलास पाहू देतो काय, हे विचारणारे घर आमच्या पाहण्यात फारसे आलेले नाही.